‘सर्वशक्तिमान’ या शब्दाची व्याख्या बदलणं ही पळवाट आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. देवाला स्वतःलाही उचलता येणार नाही असा दगड तो निर्माण करू शकतो का, हा जुना पेच तुम्ही एका श्रद्धाळू मित्रासमोर ठेवला. ‘हो’ म्हटलं तर दगड उचलता येत नाही, ‘नाही’ म्हटलं तर निर्माण करता येत नाही. सर्वशक्तिमत्ता दोन्हीकडून जाते. मित्र म्हणाला, ‘सर्वशक्तिमान म्हणजे तर्काला धरून जे शक्य आहे ते सगळं करू शकणारा. असा दगड तर्कातच बसत नाही, म्हणून तो करता न येणं ही उणीव नव्हे.’ हे तुम्हाला पटलं नाही. ‘सर्व’ म्हणजे सर्व. अडचण आली की शब्दाचा अर्थ आखडता घ्यायचा ही पळवाट आहे, असं तुमचं म्हणणं. आणि शेवटी तुम्ही विचारलं आहे की शब्दाचा अर्थ ठरवण्याचा अधिकार नेमका कुणाचा: शब्दकोशाचा, श्रद्धा ठेवणाऱ्याचा, की टीका करणाऱ्याचा?

मी तर्कशास्त्र आणि धर्माचं तत्त्वज्ञान शिकवते. हा पेच वर्गात कुणी ना कुणी काढतंच, आणि चर्चा बहुतेक वेळा दगडापाशीच अडकून बसते. खरं तर दगडाबद्दल दोन्ही बाजूंचं फारसं दुमत नसतं. भांडण असतं ते ‘सर्वशक्तिमान’ या शब्दात काय काय धरायचं यावर, आणि ते भांडण उघड कुणी मांडत नाही. म्हणून तुमचा प्रश्न मी असा वाचते: एखाद्या शब्दाच्या रूढ अर्थात विसंगती सापडली आणि कुणी तो अर्थ दुरुस्त केला, तर ती दुरुस्ती प्रामाणिक आहे की सोयीची, हे ओळखायचं कसं? माझं मत आधीच सांगून टाकते. मित्राने व्याख्या सुधारली यात गैर काहीच नाही. पण त्याने दिलेली व्याख्या अजून कच्ची आहे, आणि तिची खरी परीक्षा दगडापाशी होत नाही. ती पुढे, दुसऱ्याच प्रश्नापाशी होते.

उत्तराचा काही भाग तुम्ही कुठल्या ईश्वराबद्दल बोलता आहात यावर अवलंबून आहे. न्याय-वैशेषिक परंपरेतला ईश्वर जगाचं निमित्तकारण आहे, म्हणजे मातीचं मडकं घडवणाऱ्या कुंभारासारखा. परमाणू नित्य आहेत, जीवात्मे नित्य आहेत. ईश्वर त्यांची रचना करतो, त्यांना शून्यातून काढत नाही. यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लामी विचाराच्या मुख्य प्रवाहातला देव शून्यातून सृष्टी निर्माण करतो. मीमांसक आणि जैन तर जगत्कर्ता ईश्वर मानतच नाहीत. तेव्हा ‘देव काहीही करू शकतो का’ या प्रश्नाचं ओझं सगळ्यांवर सारखं पडत नाही. नैयायिकाला परमाणू नव्याने निर्माण न करणारा ईश्वर चालतो, कारण त्याने तसा दावा केलेलाच नाही. शून्यातून सृष्टी मानणाऱ्याला ती मुभा नाही.

दुसरी गोष्ट, भक्त प्रार्थनेत देवाला ‘सर्वशक्तिमान’ म्हणतो तेव्हा तो व्याख्या करत नसतो. तो शरण जात असतो, आळवत असतो. स्तुतिपर वाक्यं शब्दशः वाचायची नसतात, त्यांचा रोख ओळखायचा असतो, हे मीमांसकांनी ‘अर्थवाद’ या नावाखाली फार बारकाईने मांडलं आहे. प्रार्थनेतलं वाक्य उचलून त्याला व्याख्येसारखं ताणणं हा त्या वाक्यावर अन्याय आहे. मात्र तुमच्या मित्राने वादात उतरून ‘सर्वशक्तिमान म्हणजे अमुक’ असं म्हटलं आहे. त्या क्षणापासून त्याचं वाक्य व्याख्या म्हणूनच तपासायला हवं, आणि तुम्ही ते तपासता आहात हे योग्यच आहे.

आता अधिकाराचा प्रश्न. शब्दकोश लोक शब्द कसा वापरतात याची नोंद करतो. ती नोंद उपयोगी असते, पण विसंगती सोडवणं हे कोशाचं काम नाही. कोशात ‘सर्व काही करण्यास समर्थ’ असं लिहिलेलं असलं, तर लोक तसं बोलतात एवढंच सिद्ध होतं. याउलट, एखाद्या चर्चेपुरता शब्दाचा अर्थ कुणीही ठरवू शकतो. अट एवढीच की तो आधी सांगायचा आणि शेवटपर्यंत पाळायचा. पण ‘सर्वशक्तिमान’, ‘न्याय’, ‘ज्ञान’ यांसारखे शब्द या दोन्हींत पुरते बसत नाहीत. इथे शब्दामागे एक कल्पना असते, ती पिढ्यान्‌पिढ्या काही काम करत आलेली असते, आणि ते काम न बिघडवता ती नेमकी करण्याचा प्रयत्न चालू असतो. अशा कल्पनेची मालकी कुणाकडेच नसते. टीका करणाऱ्याने आपल्या मर्जीची व्याख्या घेतली, तर तो कुणीच न मानलेल्या देवाचं खंडन करतो. श्रद्धा ठेवणाऱ्याने आपल्या मर्जीची घेतली, तर त्याला ती प्रत्येक प्रश्नात निभवावी लागते, फक्त अडचणीच्या प्रश्नात नव्हे.

व्याख्या तपासण्यासाठी माझ्या हाताशी सगळ्यात उपयोगी पडलेलं साधन न्यायशास्त्रातलं आहे. लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तीन दोष तिथे सांगितले आहेत: अव्याप्ति, अतिव्याप्ति आणि असंभव. नेहमीचं उदाहरण गाईचं. ‘जी कपिल, म्हणजे पिंगट रंगाची ती गाय’ म्हटलं तर पांढऱ्या-काळ्या गाई सुटतात. लक्षण अपुरं पडलं, ही अव्याप्ति. ‘जिला शिंगं ती गाय’ म्हटलं तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ति. ‘जिला एकच अखंड खूर ती गाय’ म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. गळ्याखाली लोंबणारी कातडीची पोळी, म्हणजे सास्ना, हे लक्षण या तिन्हींतून पार पडतं. यात एक मोठी शिस्त आहे. लक्षण चुकलं म्हणून गाय नाहीशी होत नाही, आणि लक्षण नीट जमलं म्हणून गाय गोठ्यात उभी राहत नाही. व्याख्येतल्या दोषावरून वस्तूच्या असण्या-नसण्यावर उडी मारता येत नाही, हे दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवायला हवं.

हे तीन दोष घेऊन ‘सर्वशक्तिमान’कडे या.

तुमची व्याख्या, ‘सर्व म्हणजे सर्व’, आधी बघू. शब्दांत मांडता येईल ते प्रत्येक काम करू शकणारा, असा तिचा अर्थ होतो. पण व्याकरणशुद्ध वाक्य म्हणजे काम नव्हे. ‘चौकोनी वर्तुळ’, ‘वंध्यापुत्र’, ‘विवाहित अविवाहित’ असे शब्द आपण सहज जुळवतो, ते ऐकून मनात काहीतरी समजल्यासारखंही होतं. योगसूत्रांत यासाठी फार नेमकं सूत्र आहे: ‘शब्दज्ञानानुपाती वस्तुशून्यो विकल्पः’. शब्दाच्या ज्ञानामागोमाग येणारी, पण जिच्यामागे वस्तू नाही अशी वृत्ती म्हणजे विकल्प. ‘चौकोनी वर्तुळ काढ’ या आज्ञेत करायचं काय आहे, हे सांगताच येत नाही. काढलेली कुठलीही आकृती दाखवली तरी ती एक तर वर्तुळ नसेल किंवा चौकोन नसेल. म्हणजे ही व्याख्या कुणालाच लागू पडू शकत नाही, देव असो वा नसो. हा सरळ असंभव दोष आहे. ‘अशी व्याख्या लागू पडणारा कुणी नाही’ हे तुम्ही सिद्ध करता ते बरोबर आहे, पण तेवढ्याने एक-खुरी गाय नाही एवढंच सिद्ध होतं.

मित्राची व्याख्या इथे सुधारणा म्हणून येते. पाश्चात्त्य परंपरेत ती ख्रिस्ती धर्मचिंतक थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकात ‘सुम्मा थिओलोजिए’मध्ये नीट मांडली: ज्यात आत्मविरोध नाही ते सगळं देवाच्या शक्तीत येतं, आणि जे आत्मविरोधी आहे त्याबद्दल ‘देव ते करू शकत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘ते होऊच शकत नाही’ म्हणणं अधिक योग्य. १९६३ मध्ये जॉर्ज मॅव्ह्रोड्स या तत्त्वज्ञाने हेच उत्तर दगडाच्या पेचाला लावलं. देव सर्वशक्तिमान आहे असं धरलं, तर ‘सर्वशक्तिमानाला न उचलता येणारा दगड’ हे वर्णनच आत्मविरोधी ठरतं.

पण इथे थांबता येत नाही, आणि तुमची अस्वस्थता इथे खरी ठरते. ‘कर्त्याला स्वतःला उचलता येणार नाही अशी वस्तू तयार करणं’ या कामात आत्मविरोध नाही. मी हे काम करू शकते. विटांची एक भिंत बांधली की ती मला उचलता येत नाही, झालं काम. खोटं बोलणं, विसरणं, थकून झोपणं यांतही आत्मविरोध नाही. तुम्ही-मी हे रोज करतो. ‘तर्काने शक्य असलेलं प्रत्येक काम करणारा’ अशी व्याख्या घेतली, तर ज्याच्यासाठी ती केली तोच तिच्यातून बाहेर पडतो. ही अव्याप्ति. मग कुणी घाईने जोडतो: ‘त्याच्या स्वभावाला शक्य असलेलं सगळं.’ आता एक असा प्राणी कल्पा, ज्याचा स्वभावच असा की त्याला फक्त आपला कान खाजवता येतो, दुसरं काहीही नाही. आपल्या स्वभावाला शक्य ते सगळं तो करतो! मग तोही सर्वशक्तिमान. अमेरिकन तत्त्वज्ञ अल्विन प्लँटिंगाने १९६७ मध्ये ही अडचण दाखवली, आणि ती उघड अतिव्याप्ति आहे. म्हणजे तिन्ही दोष तीन व्याख्यांत हजर आहेत, आणि मित्राची व्याख्या मधली आहे.

यातून बाहेर पडण्याची वाट, माझ्या मते, कामांची यादी करण्याचा मोह सोडण्यात आहे. सी. वेड सॅव्हेज यांचं १९६७ मधलं विश्लेषण मी विद्यार्थ्यांसमोर फळ्यावर मांडते, कारण ते अगदी स्वच्छ आहे. समजा, एक कर्ता कितीही वजनाचा दगड निर्माण करू शकतो. त्याला वरची मर्यादा नाही. तोच कर्ता कितीही वजनाचा दगड उचलू शकतो. त्यालाही मर्यादा नाही. दोन्ही शक्ती अमर्याद. आता ‘त्याला न उचलता येणारा दगड तो निर्माण करू शकत नाही’ हे वाक्य खरं आहे. पण त्याचा अर्थ एवढाच की तो जो जो दगड निर्माण करेल तो तो त्याला उचलता येईल. या वाक्यात ‘शकत नाही’ असे शब्द आहेत म्हणून ते उणिवेसारखं ऐकू येतं. प्रत्यक्षात ते दोन अमर्याद शक्तींमधून निघणारं अनुमान आहे. निर्मितीचं कुठलं वजन हुकलं? एकही नाही. उचलण्याचं कुठलं हुकलं? तेही नाही. भिंत मला उचलता येत नाही, यात मात्र माझी मर्यादा खरोखरच दिसते. ‘मला जे जमतं ते देवाला जमत नाही’ असं वाटायला लावणारं काम माझ्या दुबळेपणावर उभं आहे. ख्रिस्ती धर्मचिंतक अँसेल्मने अकराव्या शतकातच हा भेद केला होता: खोटं बोलता येणं, भ्रष्ट होता येणं यांना आपण भाषेच्या सवयीने ‘शक्ती’ म्हणतो, पण त्या अशक्तीच आहेत.

म्हणून मी व्याख्या अशी करते: ज्याची शक्ती दुसऱ्या कशावर अवलंबून नाही, आणि ज्याच्या शक्तीला बाहेरचं काहीही अडवू शकत नाही, तो सर्वशक्तिमान. आपल्याकडचं जुनं वर्णन याच्या फार जवळ आहे: ‘कर्तुम् अकर्तुम् अन्यथा कर्तुं समर्थः’. करणं, न करणं आणि वेगळ्या तऱ्हेने करणं, या तिन्हींना समर्थ. यात कामांची मोजदाद नाही, कर्त्याचं स्वातंत्र्य आहे. पाणिनीने कर्त्याची ओळखच ‘स्वतन्त्रः कर्ता’ अशी सांगितली. ब्रिटिश तत्त्वज्ञ पीटर गीच यानेही १९७३ मध्ये असाच भेद केला: ‘सगळं करू शकणं’ आणि ‘सगळ्यांवर सत्ता असणं’ या दोन वेगळ्या कल्पना आहेत, आणि ख्रिस्ती श्रद्धेला दुसरी पुरते, किंबहुना तीच तिची मूळची आहे. माझ्या व्याख्येत कान खाजवणारा प्राणी आत येत नाही, कारण त्याला जवळपास सगळंच अडवतं. भिंत बांधणारी मी येत नाही. विसंगत काही मागितलेलं नाही. ही व्याख्या निर्दोष आहे असा माझा दावा नाही. ‘बाहेरचं’ म्हणजे काय, यावर पुढे वाद होतोच. पण निदान वाद योग्य जागी होतो.

एक पर्याय मात्र वगळून चालणार नाही, कारण तुमचा ‘सर्व म्हणजे सर्व’ हा आग्रह कुणीतरी खराखुरा धरलेला आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६३० मध्ये आपला मित्र मेर्सेन याला लिहिलेल्या पत्रांत म्हटलं की गणिताची सत्यंही देवानेच स्थापली आहेत. वर्तुळाच्या सगळ्या त्रिज्या समान नसाव्यात असं करायलाही तो मोकळा होता. ही भूमिका धीट आहे. पण मग दगडाचा पेच आपोआपच निकामी होतो. हॅरी फ्रँकफर्टने १९६४ मध्ये दाखवलं तसं, जो आत्मविरोधी दगड निर्माण करू शकतो तो, दुसरी आत्मविरोधी गोष्ट करून, तो दगड उचलूही शकेल. ‘उचलता येत नाही आणि उचलला’ हे विसंगत आहे असं तुम्ही म्हणालात, तर उत्तर तयार आहे: विसंगती त्याला अडवत नाही, असं तुम्हीच तर म्हणाला होता. तुमच्या व्याख्येवर हा पेच उभाच राहत नाही, आणि सुधारलेल्या व्याख्येवर तो सुटतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. सुधारणा आणि पळवाट यांत फरक कसा करायचा?

मला एक समांतर घटना फार शिकवून गेली आहे, ती गणितातली. १९०२ मध्ये बर्ट्रांड रसेलने गॉटलोब फ्रेगेला पत्र लिहून कळवलं की गणित तर्कशास्त्रावर उभं करण्याच्या फ्रेगेच्या पद्धतीत विसंगती निघते. ‘स्वतःचे घटक नसलेल्या सगळ्या संचांचा संच’ घ्या. तो स्वतःचा घटक आहे का? आहे म्हटलं तर नाही ठरतो, नाही म्हटलं तर आहे ठरतो. तोपर्यंत समजूत अशी की कुठलंही वर्णन दिलं की त्याचा संच होतो. १९०८ मध्ये एर्न्स्ट झेर्मेलोने ही मोकळीक काढून घेतली: आधी एक संच हातात असला पाहिजे, मग त्यातून वर्णनाला बसणारे घटक निवडता येतात. गणितज्ञांनी यावर ‘संच ही कल्पनाच खोटी’ असं म्हटलं नाही, आणि ‘झेर्मेलोने पळवाट काढली’ असंही म्हटलं नाही. का? कारण त्याचा नियम त्या एका त्रासदायक संचापुरता नव्हता, तो सगळ्या संचांना लागू होता. त्याची किंमत उघड होती. ‘सगळ्या संचांचा संच’ ही कल्पना सोडून द्यावी लागली. आणि संच ज्या कामासाठी हवे होते, ते काम चालूच राहिलं.

यातून निघणाऱ्या कसोट्या देवाच्या बाबतीतही लावता येतात. पहिली, व्याख्या बदलण्याचं कारण या एका पेचाबाहेरही उभं राहतं का? इथे तुमच्या मित्राची बाजू भक्कम आहे, आणि त्याचा उत्तम साक्षीदार इस्लामी धर्मचिंतक अल्-गझाली. अकराव्या शतकाच्या अखेरीस तो तत्त्वज्ञांशी भांडत होता ते देवाची शक्ती वाढवण्यासाठी. अग्नीने कापूस जाळलाच पाहिजे असं बंधन नाही, देवाने ठरवलं तर जळणार नाही, असं तो ठामपणे म्हणाला. आणि त्याच प्रकरणात त्याने सांगितलं की एकाच गोष्टीचं एकाच वेळी विधान आणि निषेध करणं मात्र शक्तीच्या कक्षेत येत नाही. देवाला जास्तीत जास्त मोकळीक देऊ पाहणारा माणूसही आत्मविरोध बाहेर ठेवतो. अडचणीत सापडून केलेली तडजोड अशी दिसत नाही.

दुसरी कसोटी, तोच नियम बाकी सगळ्यांना लागू आहे का? ‘चौकोनी वर्तुळ काढता येत नाही’ ही उणीव आपण माणसाच्याही खात्यावर मांडत नाही, मग देवाच्या का मांडायची? इथेही सुधारणा टिकते. तिसरी, किंमत मान्य केली आहे का? इथे श्रद्धा ठेवणाऱ्यांमध्येही दुमत आहे, आणि ते झालेल्या गोष्टीच्या बाबतीत उठून दिसतं. घडून गेलेलं न घडलेलं करणं, एवढं एकच देवालाही नाकारलेलं आहे, हे आगाथोन या कवीचं वचन ॲरिस्टॉटलने उद्धृत केलं आहे. अक्वायनसने ते मान्य केलं. त्याच्या आधी, अकराव्या शतकात, पीटर डेमियन या ख्रिस्ती धर्मचिंतकाने हे मान्य करायला फार खळखळ केली. त्याच्या मते देव काळाबाहेर आहे आणि त्याच्या शक्तीवर ‘आता उशीर झाला’ अशी मर्यादा घालणं अयोग्य. मला अक्वायनस बरोबर वाटतो. पण ज्याच्या पदरी पश्चात्तापाचा भार आहे, ज्याचं माणूस गेलं आहे, त्याच्यासाठी ही मर्यादा शाब्दिक नाही. ‘देव झालेलं पुसू शकत नाही’ ही खरीखुरी किंमत आहे, आणि व्याख्या सुधारणाऱ्याने ती मोकळेपणाने सांगायला हवी.

चौथी कसोटी सगळ्यात कठीण: तीच व्याख्या वादाच्या प्रत्येक टप्प्यावर कायम राहते का? माझा अनुभव असा की पळवाट इथेच पकडली जाते. दगडाच्या पेचात ‘सर्वशक्तिमान’चा अर्थ आखडायचा आणि संकटात धीर देताना पुन्हा फुगवायचा, असं नकळत घडतं. तत्त्वज्ञ जे. एल. मॅकीने १९५५ च्या आपल्या प्रसिद्ध लेखात दुष्टतेच्या प्रश्नावरच्या, म्हणजे देव चांगला आणि सर्वशक्तिमान असेल तर जगात वाईट का आहे या प्रश्नावरच्या, बऱ्याच उत्तरांबद्दल हीच तक्रार केली होती: एका हाताने मर्यादा घालायची आणि दुसऱ्या हाताने ती काढून घ्यायची.

म्हणून मित्राची व्याख्या दगडावर नव्हे, दुःखाच्या प्रश्नावर घासून बघा. मॅकीचा युक्तिवाद असा: माणसाने एकदा स्वतःच्या इच्छेने चांगलं निवडणं शक्य आहे. दुसऱ्यांदाही शक्य आहे. मग प्रत्येक वेळी स्वेच्छेने चांगलंच निवडणारी माणसं असण्यात आत्मविरोध कुठे आहे? नाही. आणि तर्काने शक्य ते सगळं देव करू शकतो, ही तर मित्राची स्वतःची व्याख्या. मग देवाने तशी माणसं का निर्माण केली नाहीत? प्लँटिंगाने यावर उत्तर दिलं की एखादी परिस्थिती शक्य असणं आणि ती दुसऱ्या कुणीतरी घडवून आणता येणं, या निराळ्या गोष्टी आहेत. मी एखादं कृत्य स्वतंत्रपणे करणं शक्य आहे. पण मी ते स्वतंत्रपणे करावं असं दुसऱ्याने ‘घडवून आणणं’ म्हणजे माझं स्वातंत्र्य काढून घेणं. उत्तर ताकदीचं आहे. पण लक्षात घ्या, इथे व्याख्या दुसऱ्यांदा अरुंद झाली: ‘तर्काने शक्य ते सगळं’ यावरून ‘तर्काने शक्य, आणि दुसऱ्याच्या स्वेच्छेवर अवलंबून नाही ते सगळं’. ही सुधारणाही पहिल्या कसोटीवर बऱ्यापैकी उतरते. मात्र ती स्वातंत्र्याच्या एका विशिष्ट कल्पनेवर उभी आहे. पूर्वकारणांनी ठरलेलं कृत्यही स्वतंत्र असू शकतं असं मानणाऱ्याला ती पटणार नाही.

वेदान्ताने हाच प्रश्न दुसऱ्या दिशेने हाताळला, आणि तिथे किंमत अधिक उघड दिसते. ब्रह्मसूत्रांत दुसऱ्या अध्यायात आक्षेप येतो की जगात इतकी विषमता आणि इतकं दुःख आहे, तर ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरतो. सूत्र उत्तर देतं: नाही, कारण तो सापेक्ष आहे, म्हणजे दुसऱ्या कशाच्या तरी अपेक्षेने फळ देतो. शंकराचार्य भाष्यात पावसाचं उदाहरण देतात. पाऊस भातावर आणि जवावर सारखाच पडतो. पिकांत फरक पडतो तो बियांच्या आपापल्या सामर्थ्यामुळे. तसा ईश्वर सर्वांना समान कारण आहे, आणि भेद येतो तो जीवांच्या कर्मामुळे. पुढचं सूत्र लगेच विचारतं की आरंभी कर्म कुठून आलं, आणि संसार अनादि आहे असं उत्तर देतं. ‘ईश्वर सापेक्ष आहे’ हे शब्द सूत्राने स्वतःच उच्चारले, लपवले नाहीत. माझ्या वर दिलेल्या व्याख्येला मात्र इथे धक्का बसतो, कारण मी ‘दुसऱ्या कशावर अवलंबून नाही’ असं म्हटलं होतं. कर्म ईश्वराबाहेरचं आहे असं धरलं, तर तो ईश्वर माझ्या अर्थाने सर्वशक्तिमान राहत नाही. कर्माचा नियम ही त्याचीच व्यवस्था आहे असं धरलं, तर आक्षेप परत येतो: अशीच व्यवस्था का? मला यातला पहिला पर्याय अधिक प्रामाणिक वाटतो.

आणि ज्या दुःखात कुणाची स्वेच्छा गुंतलेली दिसत नाही, भूकंप, तान्ह्या मुलांचे आजार, तिथे प्लँटिंगाचं उत्तर मला अपुरं वाटतं. ‘सर्वशक्तिमान’ची व्याख्या कितीही नीट घासली तरी या प्रश्नाचं उत्तर तिच्यातून निघत नाही, कारण अशा जगाच्या कल्पनेत, ज्यात मूल आजारी पडलं नाही, कुठलाच आत्मविरोध नाही. चौकोनी वर्तुळाचं कारण इथे पुढे करता येत नाही.

तेव्हा तुमच्या मित्राशी पुन्हा बोलाल तेव्हा दगड बाजूला ठेवा. तो मुद्दा त्याने जिंकला आहे असं मान्य करा, फक्त त्याची व्याख्या ‘प्रत्येक शक्य काम’ या रूपात टिकत नाही, एवढं दाखवून द्या. मग त्याला त्याची नवी व्याख्या एका वाक्यात सांगायला लावा, शक्य तर लिहून घ्या, आणि विचारा की आजारी मुलाच्या बाबतीतही तो याच वाक्यावर ठाम राहील का. तो ‘हो’ म्हणाला, तर त्याच्या देवाला ते मूल बरं करता येत होतं, आणि त्याने का केलं नाही हा प्रश्न शक्तीचा राहत नाही, चांगुलपणाचा होतो. तो ‘नाही’ म्हणाला, तर कोणत्या मर्यादेमुळे नाही, ती मर्यादा देवाच्या बाहेरची आहे की त्याने स्वतःच घातलेली, एवढं त्याला सांगावं लागेल.